आमच्याच पैशाने केलेला तक्ता आम्हाला कागदावर का देता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय. जागेसाठी कापावं लागलं तर मधलं कापा, पण शेवटी जी मागणी लिहिलीय ती तेवढी ठेवा ही विनंती.

मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते, पंचवीस वर्षं एका खाजगी फर्ममध्ये अकाउंट्स बघते, त्यामुळे आकड्यांची सवय आहे आणि एक्सेल बऱ्यापैकी येतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसभेत खालच्या वाड्यावरची एक म्हातारी बाई उठली आणि तिने विचारलं की आमच्याकडचं गटार कधी करणार, दर पावसात पाणी घरात येतं. उत्तर मिळालं की ते काम झालंय, बिलसुद्धा पास झालंय. ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली आणि "खंय जालां रे पुता?" एवढंच म्हणून खाली बसली. कोणी काही बोललं नाही, कारण कोणाकडेच काही कागद नव्हता, ना विचारणाऱ्याकडे ना आम्हा ऐकणाऱ्यांकडे.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी १० रुपये भरून मी आरटीआय टाकला, की गेल्या सात वर्षांत आमच्या गावात जी जी कामं झाली त्यांचं नाव, जागा, रक्कम, ठेकेदार आणि पेमेंटची तारीख द्या. कुठल्या ऑफिसात टाकला ते इथे लिहीत नाही, तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, त्यांनी मुदतीत उत्तर दिलं. उत्तर होतं २१४ पानांचं, पानाला २ रुपये प्रमाणे ४२८ रुपये भरून घेऊन आले. घरी येऊन बघते तर ती सगळी पानं म्हणजे कॉम्प्युटरवर केलेला व्यवस्थित तक्ता, तो प्रिंट केलाय, त्यावर सही शिक्का मारलाय, मग त्याची झेरॉक्स काढलीय, आणि ती काढताना पान सरकल्यामुळे कितीतरी पानांवर शेवटचा कॉलम अर्धा कापला गेलाय, आणि तो शेवटचा कॉलम होता रकमेचा!

परत गेले, म्हटलं तुमच्या कॉम्प्युटरवर ही फाइल आहे, ती मला पेनड्राइव्हवर द्या, मी पेनड्राइव्ह आणलाय. म्हणाले सॉफ्ट कॉपी द्यायची पद्धत नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कायदा वाचल्यावर कळलं की २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलंय की माहिती कॉम्प्युटरमध्ये असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घ्यायचाही नागरिकाला अधिकार आहे. फ्लॉपीचं नाव घेऊन लिहिलंय, म्हणजे बघा किती जुना हा अधिकार आहे.

मग मी आणि माझी मुलगी, रोज रात्री जेवणं आटोपल्यावर, ती वाचायची आणि मी टाइप करायची, असं तीन महिने केलं. ३८० च्या आसपास ओळी झाल्या. दोन वर्षांत "वाड्यावरील गटार दुरुस्ती" हे एकच नाव चार वेळा आलंय. आता यात गडबड आहे असं मी म्हणत नाही, चार वेगवेगळे वाडेही असू शकतील, पण कुठल्याच ओळीत सर्व्हे नंबर नाही की वाड्याचं नाव नाही, त्यामुळे गडबड आहे असं सिद्ध करता येत नाही आणि नाही असंही सिद्ध करता येत नाही. त्या बाईचं गटार बहुतेक ओळ २४७ आहे. बहुतेक.

हे सगळं आफ्रिकेशी कुठे जोडलंय ते सांगते. माझा भाचा चार वर्षं नैरोबीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, गेल्या चवथीला घरी आला होता, त्याने तो पानांचा गठ्ठा आणि माझी फाइल बघितली आणि म्हणाला, मावशी, तू जे केलंयस ना ते तिथे लोक पंधरा वर्षं करतायत, काही ठिकाणी जिंकलेत, काही ठिकाणी हरलेत, पण कसं हरले तेसुद्धा त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. तो परत गेल्यावर मी वाचायला लागले, आणि जे वाचलं त्याने मी अक्षरशः हलले.

आपल्याकडे आफ्रिका म्हटलं की लोक लगेच म्हणतात तिथून काय शिकायचं. गोंयकारांनी तरी असं म्हणू नये. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार इथून, गोव्यातून चालायचा. आपले किती लोक मोम्बासा, नैरोबी, झांझिबार, कंपाला, लोरेन्सो मार्किश (आजचं मापुतो) इथे जाऊन कारकुनी, शिवणकाम, बेकरी करून इथली घरं उभी करून गेले. जोसेफ मुरुंबी हे नाव आपल्या शाळेत कोणी शिकवत नाही, वडील गोंयकार आणि आई मसाई, १९६६ मध्ये काही महिने ते केनियाचे उपराष्ट्रपती होते, आणि त्यांनी जमवलेला पुस्तकांचा आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह आज नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एका गोंयकाराच्या मुलाला वाटलं की देशाचे कागद सांभाळून ठेवले पाहिजेत, लोकांना बघता आले पाहिजेत. मला हे वाचून फार बरं वाटलं.

तर केनियाचं. ८ जुलै २०११ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांनी सरकारचं ओपन डेटा पोर्टल सुरू केलं. ओपन डेटा म्हणजे साध्या भाषेत काय, तर सरकारने जमवलेले आकडे कोणालाही फुकट, अर्ज न करता, आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटरला वाचता येईल अशा फाइलमध्ये मिळणं, की जी फाइल तुम्ही उतरवून घेऊन तिची बेरीज करू शकता, क्रम लावू शकता, नकाशावर टाकू शकता. २००९ ची जनगणना, सरकारी खर्च, शाळा, दवाखाने, असं सगळं त्यावर आलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत असं करणाऱ्या पहिल्या देशांत केनिया होता. याच्या मागे माहिती खात्याचे सचिव बितांगे न्डेमो हे होते, आणि खात्यांकडून डेटा काढून घेणं हेच सगळ्यात कठीण काम होतं, कारण प्रत्येक खात्याला वाटायचं हा आपला डेटा आहे. हे वाचलं आणि मला ते पेनड्राइव्हचं टेबल आठवलं.

पण पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीचा उत्साह गेला, खात्यांनी नवीन आकडे टाकणं कमी केलं, २०१३ मध्ये न्डेमो गेले आणि साइटवर जुन्याच फाइली पडून राहिल्या. २०१० च्या राज्यघटनेच्या कलम ३५ मध्ये माहितीचा अधिकार होता पण तो अमलात आणणारा कायदा यायला २०१६ उजाडलं. म्हणजे केनियात पोर्टल आधी आलं आणि कायदा पाच वर्षांनी. आपल्या गोव्याचं बरोबर उलटं आहे. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, देशाच्या कायद्याच्या आठ वर्षं आधी, तामिळनाडूबरोबर आपण देशात सगळ्यात पुढे होतो. पण कायदा हातात असून मी तीन महिने टायपिंग करते. त्यांच्याकडे फाइल होती पण खात्याला ती द्यायला लावणारा कायदा नव्हता, आपल्याकडे कायदा आहे पण फाइल मिळत नाही, आणि दोन्हीचा परिणाम सामान्य माणसासाठी एकच, की तो ग्रामसभेत रिकाम्या हाताने उभा राहतो.

पीडीएफचा त्रास तर आपल्या एकट्याचा नाहीच. २०१३ च्या निवडणुकीआधी केनियाच्या निवडणूक आयोगाने मतदार नोंदणी केंद्रांची यादी दिली ती पीडीएफमध्ये, शेकडो पानं चाळून आपलं केंद्र शोधायचं. दोन तरुण प्रोग्रामर बसले, त्यांनी एका दिवसात त्या पीडीएफमधून माहिती काढून 'गॉट टू व्होट' नावाची साधी साइट केली, आपला जिल्हा निवडा आणि केंद्र बघा. नंतर तेच दुसऱ्या आफ्रिकी देशांतही वापरलं गेलं. २०१४ मध्ये लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी इथे इबोला पसरला तेव्हाही रोजचे रिपोर्ट पीडीएफमध्ये यायचे आणि जगभरचे स्वयंसेवक त्यातले आकडे परत टाइप करायचे, माणसं मरत असताना! आणि आपण तरी काय वेगळं केलं, कोविडमध्ये राज्यांच्या बुलेटिनमधून रोज आकडे वेचून स्वयंसेवकांनी साइट चालवली, तेव्हा कुठे देशाला एकत्र आकडे बघायला मिळाले. आकडा कॉम्प्युटरमध्ये जन्मतो, मग आपण त्याचा कागद करतो, आणि कोणीतरी परत त्या कागदावरून कॉम्प्युटरमध्ये भरतो. या मधल्या पायरीचा खर्च सरकारपण करतं आणि लोकपण करतात, आणि त्यात चुका होतात त्या वेगळ्याच.

आता दुसरी बाजू, की सरकारकडेच माहिती नसेल तर. नैरोबीत लोक मटाटूने फिरतात, मटाटू म्हणजे आपल्या खाजगी मिनीबससारख्या गाड्या. रूट कुठे लिहिलेले नाहीत, ज्याला माहीत त्यालाच माहीत. तिथल्या नैरोबी विद्यापीठाने अमेरिकेतल्या एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठांबरोबर मिळून काम केलं, विद्यार्थी मोबाइल घेऊन मटाटूत बसले, प्रत्येक थांबा नोंदवला, १३० च्या आसपास रूट झाले, २०१४ मध्ये त्याचा रंगीत नकाशा निघाला, डेटा सगळ्यांना खुला ठेवला आणि पुढच्या वर्षी तो गूगल मॅप्सवर पण आला. मी म्हापसा ते डिचोली बसने कित्येक वर्षं जाते. संध्याकाळी शेवटची बस सुटली का, हे अजून स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला विचारावं लागतं, आणि रात्री मुलगी एकटी स्टँडवर असते तेव्हा ती माहिती काय किमतीची असते ते आईला विचारा. आपल्या कॉलेजच्या मुलांना हे एका सेमिस्टरचं काम आहे. किबेरा ही नैरोबीतली मोठी झोपडपट्टी, नकाशावर ती जागा कोरी दिसायची, २००९ मध्ये तिथल्याच पोरांना जीपीएस देऊन गल्ल्या, नळ, शौचालयं, दवाखाने, शाळा नोंदवायला शिकवलं आणि तो नकाशा खुल्या ओपनस्ट्रीटमॅपवर टाकला.

नायजेरियाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटलं, कारण ते बरोबर त्या म्हातारीच्या प्रश्नाचं आहे. २०११ मध्ये तिथे माहिती स्वातंत्र्याचा कायदा आला, आणि त्याच वर्षी ओलुसेउन ओनिगबिंदे आणि त्यांच्या सोबत्याने लागोसमध्ये बजिट नावाची संस्था सुरू केली, सरकारी बजेट घ्यायचं आणि चित्रं काढून साध्या भाषेत लोकांपुढे ठेवायचं. २०१४ पासून त्यांनी ट्रॅका नावाचं काम सुरू केलं. बजेटमध्ये खासदाराच्या मतदारसंघासाठी जी कामं लिहिलेली असतात, बोअरवेल, शाळेची खोली, दवाखाना, त्यांची यादी घेऊन त्यांचे लोक त्या त्या गावात जातात, गावकऱ्यांना सांगतात की हे बघा तुमच्या गावाच्या नावाने इतके पैसे मंजूर झालेत, दाखवा कुठे आहे ते. कधी काम झालेलं असतं, कधी अर्धवट, कधी नुसतं रान. फोटो काढतात, सगळ्यांसमोर ठेवतात, प्रतिनिधीला पत्र लिहितात. गावातल्या माणसाला आपल्या नावाने पैसे आले हेच पहिल्यांदा कळतं. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ओपन ट्रेझरी पोर्टल सुरू केलं, ५० लाख नायराच्या वरची पेमेंट रोजच्या रोज टाकायची असा नियम केला. भ्रष्टाचार संपला असं तिथे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण पेमेंट झाल्यावर ते साइटवर दिसायला लागलं, आणि पत्रकार त्यातून प्रश्न विचारायला लागले, हा फरक लहान नाही. मी ४२८ रुपये आणि तीन महिने घालवून जे केलं ते तिथे रोजचं झालं.

दक्षिण आफ्रिकेत माहितीचा कायदा २००० सालचा, म्हणजे आपल्या देशाच्या कायद्याच्या पाच वर्षं आधीचा. तिथल्या अर्थखात्याने म्युनिसिपल मनी नावाची साइट केलीय, प्रत्येक म्युनिसिपालिटीचं नाव टाका, कर्ज किती, कॅश किती महिने पुरेल, दुरुस्तीवर किती खर्च केला, सगळं शेजारच्या म्युनिसिपालिटीशी ताडून बघता येतं. देशाच्या बजेटसाठी वुलेकमाली म्हणून दुसरी साइट आहे. औषधांचा सरकारने ठरवलेला भावसुद्धा तिथल्या एका संस्थेने शोधता येईल असा साइटवर टाकलाय, दुकानात उभं राहून मोबाइलवर बघा आणि स्वस्त पर्याय मागा. तरीही तिथल्या कितीतरी म्युनिसिपालिट्यांचा कारभार वाईटच आहे, ऑडिटवाले दर वर्षी ओरडतात. साइटमुळे गटार बांधलं जात नाही, हे मला कळतं. पण ओरडायला आकडा हातात असतो.

आणि आकडा नसला की काय होतं ते मोझांबिककडे बघा, आपल्या जुन्या सोबत्याकडे. २०१३–१४ मध्ये तिथे सरकारी हमीवर तीन कंपन्यांच्या नावाने मिळून दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त कर्ज काढलं गेलं, त्यातली एक कंपनी ट्यूना मासे पकडणारी. यातलं बरंचसं कर्ज संसदेपासूनसुद्धा लपवलेलं होतं. २०१६ मध्ये ते बाहेर आलं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला, तिथलं चलन मेटिकाल घसरलं, आणि भाव वाढले ते बाजारात भाजी घेणाऱ्या बाईसाठी. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरवलं गेलं. एका सहीचा कागद कपाटात राहिला म्हणून अख्खा देश भोगतोय.

पण त्याच मोझांबिकची दुसरी गोष्ट आपण खाणपट्ट्यातल्या लोकांनी नीट ऐकावी. तिथल्या खाण लायसन्सचा नकाशा इंटरनेटवर आहे. नकाशावर रंगीत तुकडे दिसतात, एकावर क्लिक केलं की कोणाच्या नावावर, कुठलं खनिज, अर्ज कधी केला, मुदत कधी संपते हे येतं. झांबिया, टांझानिया, काँगो यांनीही असे नकाशे केलेत. लायबेरियात खाणींचे आणि जंगलांचे करारच लोकांसमोर ठेवलेत, २००३ मध्ये यादवी युद्धातून उठलेला देश. नायजेरियाने २००७ मध्ये खाण आणि तेलाच्या पारदर्शकतेसाठी वेगळा कायदा केला.

आमच्याकडे? मी खाणीच्या धुळीत वाढले. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा रिपोर्ट आला, जवळपास ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज त्यात होता, त्यावरून वाद झाले ते सोडा, खाणी बंद झाल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि परत बंद. दोन्ही वेळेला आमच्या गावात ट्रकवाल्यांचे हप्ते थकले, गॅरेज बंद पडली, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या शेतात गाळ गेला होता ते म्हणाले बरं झालं, एकाच घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. त्या भांडणात दोघांकडेही आकडा नव्हता. लीजची हद्द कुठपर्यंत, किती माल काढायची परवानगी होती, किती काढला, रॉयल्टी किती भरली, जिल्हा खनिज निधीतून आमच्या गावाला किती आले, हे जर एका नकाशावर सगळ्यांना दिसत असतं तर भांडण झालंच असतं, पण आकड्यांवर झालं असतं, जातीपक्षावर नसतं झालं.

जमिनीचं तर विचारूच नका. जमिनीचा झोन बदलण्यासाठी वापरलेली नगरनियोजन कायद्यातली १७(२) आणि ३९ए ही कलमं आता गोव्यात शाळेतल्या मुलांनाही पाठ झालीयत. झोन बदलाच्या नोटिसा गॅझेटमध्ये येतात, सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर दिलेले असतात, पण येतात पीडीएफमध्ये, एकेक करून. आपल्या गावात एकूण किती शेत, किती बागायत गेली हे बघायचं तर कोणीतरी परत माझ्यासारखं रात्री बसून टाइप करायचं. काही लोक ते करतायत, मनापासून करतायत, त्यांना माझा नमस्कार. पण हे त्यांचं काम का असावं?

धोकेही आहेत, ते लपवत नाही. टांझानियात २०१८ मध्ये आकडेवारीचा कायदा इतका कडक केला की सरकारी आकड्याला खोटं पाडणारा आकडा छापणं गुन्हा ठरला, बाहेरून टीका झाल्यावर २०१९ मध्ये सैल केला. बुर्किना फासोने नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत मतमोजणीचे आकडे येतील तसे ओपन डेटा म्हणून साइटवर टाकले, लोकांनी विश्वास ठेवला, हरलेल्या उमेदवाराने दुसऱ्याच दिवशी अभिनंदन केलं, आणि २०२२ मध्ये त्याच देशात लष्कराने दोनदा सत्ता उलथवली. म्हणजे हे सगळं टिकतंच असं नाही.

आणि एक गोष्ट आपल्याकडे आता जोरात पुढे येणार ती म्हणजे प्रायव्हसी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल केलाय, आणि मला भीती वाटते की उद्या ठेकेदाराचं नावसुद्धा "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नाकारलं जाईल. पेन्शन घेणाऱ्या म्हातारीचं नाव, बँक खातं, आजार, हे साइटवर टाकू नका, अजिबात टाकू नका, ते तिचं आहे. पण सरकारी पैसे घेऊन गटार बांधणाऱ्याचं नाव त्याचं खाजगी नाही. दक्षिण आफ्रिकेत माहिती मिळण्याचा कायदा आणि खाजगीपणाचा कायदा दोन्ही एकाच नियामकाकडे दिलेत, म्हणजे दोन्ही पारडी एकाच माणसाला बघावी लागतात. मला ते शहाणपणाचं वाटतं.

आता मागणी. केंद्राचं खुल्या डेटाचं धोरण २०१२ पासून आहे, माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की सरकारने आपणहून इतकं द्यावं की लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. त्यामुळे नवीन कायदा नको, नवीन इमारत नको, मोठ्या कंपनीला कंत्राट देऊन चकाचक ॲप तर मुळीच नको. गोव्यात १९१ पंचायती आहेत. प्रत्येक पंचायतीच्या कामांची फाइल, एक्सेल किंवा सीएसव्ही अशा साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत एकाच साइटवर टाका. प्रत्येक कामाला एक नंबर द्या जो बदलणार नाही, आणि वाड्याचं नाव, सर्व्हे नंबर, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, तारीख, ठेकेदार, आणि काम झाल्याचा एक फोटो. त्याच साइटवर झोन बदलांची फाइल आणि खाण लीजचा नकाशा. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर कुठल्या वाड्यावर किती गेले तेही. आणि हे सगळं ज्याच्या टेबलावर असेल त्या अधिकाऱ्याचं पद साइटवर लिहा, कारण केनियात जे झालं ते यामुळेच झालं, की एक उत्साही माणूस गेला आणि फाइल अद्ययावत करणं हे कोणाचंच काम राहिलं नाही. १० तारीख चुकली तर कोणाला फोन करायचा ते आम्हाला माहीत हवं.

आमदारांना माझी विनंती, येत्या अधिवेशनात एकाने तरी हा प्रश्न विचारा, कुठल्याही पक्षाचा असो. आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना, तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय हवा असेल तर तुमच्या गावची पंचायत घ्या, बसचे रूट घ्या, पाहिजे ती मदत मी करीन, मला कोडिंग येत नाही पण बिलं वाचता येतात.

माझी ती ३८० ओळींची फाइल मी कोणापासून लपवून ठेवलेली नाही. आमच्या गावातल्या ज्याला हवी त्याने पुढच्या ग्रामसभेच्या रविवारी पेनड्राइव्ह घेऊन यावं, मी सकाळी साडेनऊपासून पंचायत हॉलच्या बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेली असेन. खालच्या वाड्यावरच्या त्या बाईलाही घेऊन येणार आहे, त्या चार ओळींतली कुठली तिच्या दारची ते आम्ही दोघी मिळून विचारणार आहोत.

आपली एक वाचक,
डिचोली, गोवा